बॅकयार्डात दिवसाढवळ्या कायोटी येतोय, घरात आई, लेक आणि छोटा कुत्रा. काय करावं?

मुक्ता_ईस्टबे

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो, मिशन पीकच्या बाजूला. घरामागे एक नाला आहे आणि त्याच्या पलीकडे डोंगर सुरू होतो, त्यामुळे कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतला इथला रानटी प्राणी) इथे आहेत हे घर घेतल्यापासून माहीत आहे, रात्री त्यांचं कुईकुई ओरडणं ऐकू येतं आणि त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. पण गेले काही आठवडे एक जण (का दोघं, मला ओळखता येत नाही) थेट बॅकयार्डात यायला लागलाय आणि तोसुद्धा रात्री नाही, सकाळी नऊ-दहाला लख्ख उन्हात. परवा आई तुळशीला पाणी घालायला बाहेर गेली तर हा फेन्सच्या आतल्या बाजूला उभा. आई ओरडली तरी हलला नाही, बघत राहिला, मग सावकाश चालत गेला आणि फेन्सवर पाय देऊन पलीकडे उतरला. तेव्हापासून आई मागचं दार उघडायला घाबरते. ती नाशिकहून आलीये, गुडघे दुखतात, पळणं वगैरे शक्यच नाही, आणि सकाळचा वॉक हा तिचा इथला एकमेव विरंगुळा होता, तोही बंद झालाय त्यामुळे मला फार वाईट वाटतंय.

घरात सात वर्षांची लेक आहे आणि दहा पाउंडांचा माल्टिपू जातीचा कुत्रा आहे, जो आत्तापर्यंत दिवसातून कितीतरी वेळा डॉग डोअरमधून स्वतःच आत-बाहेर करायचा.

शेजारी दोन टोकाचं बोलतायत. डावीकडचे म्हणतात ट्रॅपवाल्याला बोलवू आणि खर्च वाटून घेऊ, उजवीकडच्या आजी म्हणतात आधी ते इथे होते, तुम्ही काही करायचं नाही. एचओएने (इथली घरमालकांची सोसायटी) नुसती 'सावध रहा' अशी ईमेल पाठवली. मला खरंच कळत नाहीये की दिवसा फिरतोय म्हणजे पिसाळलेला आहे का, त्याला पकडून लांब जंगलात सोडून देतात का, आणि उद्या आईच्या समोर आला तर तिने नेमकं करायचं काय.

आम्ही बाहेर काही खाणं ठेवत नाही, ट्रॅशची झाकणं बंद असतात. आई सकाळी चिमण्यांना तांदूळ आणि खारींना पोळीचे तुकडे टाकते तेवढंच, आणि आत्ता पितृपक्ष चालू आहे म्हणून बाबांची वाडी ठेवली होती, ती तासाभरात संपली. एक अंजिराचं झाड आहे, त्याला यंदा खूप फळं आलीयेत. ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा.

---

शमिका_ऑस्टिन

बाकीचं लोक सांगतीलच, पण आज संध्याकाळच्या आत डॉग डोअर बंद करा. दहा पाउंडांचा कुत्रा कायोटीसाठी सशाएवढाच आहे. बाहेर न्यायचा तो तुमच्यासोबत, पट्ट्यावर, आणि लांब होत जाणारा रिट्रॅक्टेबल पट्टा नको, साधा सहा फुटी घ्या. बॅकयार्डातसुद्धा. मी आमच्या वेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) रोज पाहते, बहुतेक केसेस 'दोन मिनिटांसाठी सोडला होता' अशाच असतात.

---

नेपरव्हिलकर

मुक्ता, तुमच्या पोस्टमधल्या शेवटच्या पॅराग्राफमध्येच उत्तर आहे असं मला वाटतं. तांदूळ, पोळी, वाडी, अंजिरं. तुम्ही म्हणताय बाहेर काही ठेवत नाही पण कायोटीच्या बाजूने बघितलं तर तुमच्याकडे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जेवण मिळतं आणि कोणी हाकलत नाही. तांदळाला चिमण्या येतात, सांडलेल्या दाण्यांना रात्री उंदीर येतात, उंदरांच्या मागे हा येतो, आणि मग पोळी आणि अंजिरं दिसली की ती पण खातो. फळं त्यांना खूप आवडतात हे इथे नवीन आलेल्या लोकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं हा फक्त मांस खाणारा प्राणी.

मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो आणि आमच्याकडे फॉरेस्ट प्रिझर्व्हला लागून घरं आहेत त्यामुळे हा विषय गेली अनेक वर्षं जवळून बघतोय. इथे कुक काउंटीत २००० सालापासून ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचे स्टॅन गेर्ट आणि त्यांची टीम कायोटींना रेडिओ कॉलर लावून अभ्यास करतायत, शहरातल्या कायोटींवरचं हे सगळ्यात मोठं आणि लांबलेलं काम आहे. ते सुरू केलं तेव्हा त्यांना वाटलं होतं वर्षभरात संपेल कारण शहरात थोडेफारच असतील, आणि निघाले काही हजार. डाउनटाउनमध्ये सुद्धा राहतात, रेल्वेच्या रुळांच्या कडेने, पार्किंग गराजच्या आसपास, आणि माणसांना पत्ता नसतो. २००७ साली एक जण डाउनटाउनच्या सँडविचच्या दुकानात शिरून कोल्ड ड्रिंकच्या कूलरमध्ये जाऊन बसला होता, त्याला कोणी मारलं नाही आणि त्यानेही कोणाला काही केलं नाही. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत सगळ्यात जास्त सापडले ते उंदीर-घुशींसारखे छोटे प्राणी, मग फळं, हरणं, ससे. कॅनडा गूजची (इथले रानहंस) अंडी खातात म्हणून आमच्याकडच्या तळ्यांवर त्या गूजची संख्या आटोक्यात राहते, हेही त्याच अभ्यासातून कळलं.

सांगायचा मुद्दा हा की बहुतेक कायोटी माणसाला टाळतात. निसर्गतः हा प्राणी दिवसाही फिरतो, शहरात आपल्यामुळे तो रात्रीचा झालाय, त्यामुळे दिवसा दिसला एवढ्यावरून तो आजारी ठरत नाही. पण तुमचा जो आहे तो आई ओरडल्यावर गेला नाही, ही गोष्ट मात्र मनावर घ्या. दिसणं वेगळं आणि भीती न वाटणं वेगळं. खाणं मिळालं आणि कोणी हाकललं नाही असं खूप वेळा झालं की पुढची पायरी माणसाच्या जवळ येणं असते, मग पट्ट्यावरच्या कुत्र्यावर धावणं, आणि त्यानंतर क्वचित माणसाला चावणं. तुम्ही आत्ता मधल्या पायरीवर आहात, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही, पण आठवडाभर बघू मग ठरवू असं करू नका.

अजून एक, सप्टेंबर ते नोव्हेंबर हा यांच्या पोरांचा घर सोडायचा काळ. एप्रिल-मेमध्ये जन्मलेली पिल्लं आता मोठी झालेली असतात, आईबाप त्यांना हळूहळू बाहेर काढतात, ती नवी जागा शोधत भटकतात आणि अननुभवी असल्यामुळे जास्त दिसतात. तुमच्याकडे येणारे दोघं असेच असू शकतील. अशा वयात जे शिकतील ते त्यांच्या लक्षात राहतं, म्हणून आत्ताच त्यांना शिकवायचं की हे घर वाईट आहे.

---

रोहित_फ्रिस्को

वरच्यांचा अभ्यास मान्य आहे पण मी वेगळं बोलणार आहे. आमच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोत २०१८ च्या शेवटी एकाच रस्त्याच्या आसपास सकाळी पळायला जाणाऱ्या लोकांवर कायोटीने हल्ले केले, लहान मुलामागेही लागला, आणि तेव्हा शाळेत मुलांना चालत पाठवायचं का यावर रोज घरात चर्चा व्हायची. शेवटी सिटीने ट्रॅपिंग केलं, आणि थांबलं. त्यामुळे 'त्यांच्याशी जुळवून घ्या' हे ज्याच्या पोराच्या मागे लागलाय त्याला सांगून बघा. घरात म्हातारी आई आणि सात वर्षांची मुलगी असताना मी तरी ट्रॅपवाल्या शेजाऱ्याच्या बाजूने उभा राहीन.

---

नेपरव्हिलकर

@रोहित, तुमच्याशी माझं भांडण नाहीच. माणसाला चावलेला किंवा माणसावर धावलेला प्राणी काढावाच लागतो, याबद्दल गेर्ट आणि मंडळींनाही शंका नाही. मुक्ताच्याच भागातलं उदाहरण आहे, मोरागा आणि लाफायेट इथे जुलै २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच जणांना कायोटी चावला, त्यात लहान मूलही होतं. डीएनए तपासला तर पाचही चावे एकाच प्राण्याचे निघाले. मार्चमध्ये तो नेमका शोधून मारला आणि चावे थांबले. म्हणजे त्या भागात कितीतरी कायोटी असताना चावणारा एकच होता. काढायचा तर तो एक काढायचा, आणि ते काम सरकारी माणसांचं आहे.

शेजाऱ्याचा ट्रॅपवाला काय करेल? पिंजरा लावेल आणि जो पहिला अडकेल तो नेईल. तो तुमच्याकडे येणारा असेलच असं नाही. कदाचित त्या भागातली जुनी, माणसाला घाबरून राहणारी जोडी फुटेल. कायोटीच्या कळपात साधारण एकच जोडी पिल्लं घालते आणि ती जोडी आपल्या हद्दीत बाहेरच्यांना येऊ देत नाही. ती गेली की ती जागा रिकामी राहत नाही, भटके तरुण लगेच येतात, उरलेल्या माद्यांना पिल्लं होतात आणि खाणं भरपूर असल्यामुळे जास्त जगतात. या देशात सरकारी खातंच दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त कायोटी मारतं, शंभर वर्षं विष, बंदूक, सापळे सगळं झालं, आणि तेवढ्याच काळात हा प्राणी पश्चिमेकडच्या माळरानांवरून निघून हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचला. लांडगे मारून आपणच त्याला रान मोकळं करून दिलं हे त्याचं मोठं कारण.

---

सह्यकडा

मी अमेरिकेत राहत नाही, जुन्नरचा आहे, पण 'पकडून लांब जंगलात सोडा' हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. आमच्याकडे हाच प्रयोग बिबट्यांवर झालाय. २००१ नंतर जुन्नर भागात उसातले बिबटे पिंजरे लावून पकडले आणि लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २०११ मध्ये छापला. त्यात दिसलं की आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते ते सोडण्याचं काम सुरू झाल्यावर सतरावर गेले. शिवाय जिथे नेऊन सोडले त्या जागांच्या जवळही हल्ले व्हायला लागले. अनोळखी जागी टाकलेलं जनावर घाबरलेलं असतं, तिथले त्याला टिकू देत नाहीत, ते परत घराकडे निघतं आणि वाटेत गावं लागतात. मुंबईत नॅशनल पार्कच्या कडेला पण शेवटी कशाने फरक पडला तर कचरा उचलणं, संध्याकाळी पोरांना एकटं न सोडणं आणि लोकांना समजावणं. बिबट्या कुठे आणि तुमचा कायोटी कुठे, ताकदीत काहीच तुलना नाही, पण पकडून दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडण्याने प्रश्न सुटत नाही हे आमच्या गावांनी फार मोठी किंमत देऊन बघितलंय.

---

डॉ_मीनल_वेट

मी सेंट्रल व्हॅलीत वेट आहे, परभणीहून शिकून इथे आले. दोन-तीन गोष्टी नीट सांगते कारण रेबीजबद्दल आपल्या लोकांच्या मनात (बरोबरच) खूप भीती असते.

आधी कायदा, कारण वर तो कोणी सांगितला नाही. कॅलिफोर्नियात पकडलेला जंगली प्राणी दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही, राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची लेखी परवानगी लागते आणि कायोटीसाठी ती मिळत नाही असंच समजा. म्हणजे पिंजऱ्यात सापडला तर तिथेच सोडायचा किंवा मारायचा, तिसरा मार्ग नाही. शेजारी 'पकडून नेतील' म्हणत असतील तर त्यांना हे माहीत नसण्याची शक्यता आहे, एकदा सांगून बघा, बरेच जण इथेच थांबतात. दातेरी पायसापळ्यांवर १९९८ च्या मतदानानंतर बंदी आहे, आणि राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत सापळा लावायचा तर त्या घरात राहणाऱ्यांची लेखी संमती लागते, म्हणजे तुमच्या उजवीकडच्या आजींनाही विचारावं लागेल. जंगली प्राण्यांना खायला घालणं हाही गुन्हा आहे. विषाचा तर विचारही करू नका. उंदरांना घातलेलं विष उंदीर खाणाऱ्या घुबडात, बॉबकॅटमध्ये, कुत्र्यात जातं, मी स्वतः असे कुत्रे ट्रीट केलेत, नाकातोंडातून रक्त येतं आणि वाचवणं कठीण होतं. त्यातली सगळ्यात जहाल औषधं २०२१ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक वापरासाठी बंद झालीयेत.

आता रेबीज. भारतात आपल्याला कुत्रा चावला की रेबीज डोक्यात येतो. इथे कॅलिफोर्नियात रेबीज मुख्यतः वटवाघळात आणि स्कंकमध्ये (घाण वास सोडणारा छोटा प्राणी) सापडतो, कायोटीत फार क्वचित. टेक्सासच्या दक्षिण भागात १९८८ पासून कायोटी आणि कुत्र्यांमध्ये मोठी साथ आली होती, तेव्हा १९९५ पासून विमानातून लसीचे गोळे टाकून ती आटोक्यात आणली आणि २००७ मध्ये अमेरिका कुत्र्यांच्या प्रकारच्या रेबीजपासून मुक्त जाहीर झाली. त्यामुळे दिवसा दिसला, शांत बघत उभा राहिला, व्यवस्थित उडी मारून गेला, हे रेबीजचं लक्षण नाही. झोकांड्या खाणं, मागचे पाय ओढणं, तोंडातून लाळ, काही कारण नसताना कशावरही तुटून पडणं असं दिसलं तर मात्र जवळ जायचं नाही आणि लगेच अ‍ॅनिमल सर्व्हिसेसला फोन करायचा. डिस्टेंपर नावाच्या आजारातही असंच दिसतं आणि तो तुमच्या कुत्र्याला होऊ शकतो. केस गेलेला, खरूज झालेला कायोटी घरांजवळ जास्त येतो कारण त्याला शिकार जमत नाही, तो भयानक दिसतो पण पिसाळलेला नसतो.

कोणाला चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी डॉक्टर, आणि काउंटीला कळवायचं. 'लहानसं ओरखडलंय' म्हणून घरी हळद लावून बसायचं नाही. कुत्र्याला चावला तर बाहेरून दोन छोटी भोकं दिसतात आणि आत स्नायू फाटलेले असतात, कायोटी पकडून झटका देतो म्हणून, त्यामुळे ठीक वाटला तरी लगेच दाखवायचा. तुमच्या माल्टिपूचं रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोचं लसीकरण चालू आहे ना बघा. हार्टवर्मची (हृदयात होणाऱ्या जंतांची) गोळी पण. कायोटीत हार्टवर्म असतो आणि डासांमार्फत तो कुत्र्यांपर्यंत येतो, ही गोष्ट बरेच जण विसरतात.

---

अनुजा_एलए

माझी मांजर गेली. दोन वर्षांपूर्वी, पहाटे. ती लहानपणापासून आत-बाहेर करायची आणि मला वाटायचं तिला आत कोंडणं म्हणजे तिच्यावर अन्याय. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात सगळं दिसलं, मी ते पूर्ण बघू शकले नाही. आमच्या लॉस एंजेलिसच्या भागात नॅशनल पार्कवाल्यांनी कायोटीच्या विष्ठेचा अभ्यास केला तेव्हा शहरी भागातल्या साधारण पाचातल्या एका नमुन्यात मांजर सापडलं. शिकागोत मांजराचं प्रमाण अगदी कमी आहे असं वाचलं होतं आणि त्यावर मी विसंबून होते, पण प्रत्येक शहर वेगळं असतं, इथे मोकळी मांजरं खूप आणि त्यांना बाहेर खायला घालणारेही खूप.

मला कायोटीचा राग येत नाही, खरं सांगते. त्याला भूक लागली होती. पण कोणी 'ते टाळतात, काही करत नाहीत' म्हटलं की मला त्रास होतो. मुक्ता, तू कुत्र्याला एक मिनिटसुद्धा एकटं सोडू नकोस. आणि रस्त्यावरच्या मांजरांना कोणी डिश भरून ठेवत असेल तर त्यांच्याशी प्रेमाने बोल, त्या लोकांना मांजरांबद्दल माया असते म्हणूनच ते ऐकतात. दिवसा ठेवायचं, मांजर खाऊन गेलं की डिश उचलायची.

---

मुक्ता_ईस्टबे

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुजाताई, वाचून गलबलून आलं.

डॉग डोअर काल रात्रीच बंद केलं. ट्रॅपबद्दल डावीकडच्यांशी बोलले, त्यांना पकडल्यावर लांब सोडता येत नाही, तिथेच सोडावा किंवा मारावा लागतो हे माहीत नव्हतं, ते म्हणाले मग थांबू. अंजिरं आज नवऱ्याने आणि लेकीने मिळून उतरवली, खाली पडलेली सगळी गोळा केली. तांदूळ-पोळीबद्दल आईशी बोलले. ती म्हणाली मुक्या जीवांना दोन घास टाकण्यात काय चुकलं, आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही कारण ती आयुष्यभर हेच करत आलीये. वाडीचं तर तिला फारच लागलंय. अजून सर्वपित्री अमावास्या व्हायची आहे. यावर कोणी काय करता? आणि हाकलायचं म्हणजे आईने नेमकं काय करायचं ते कोणी सविस्तर सांगेल का?

---

स्वानंदी_सॅन_रमोन

वाडी आमच्याकडे पण असते, सासूबाई करतात. आम्ही ती अंगणात जमिनीवर ठेवत नाही, वरच्या मजल्याच्या बाल्कनीच्या कठड्यावर ठेवतो, इथले कावळे हुशार आहेत, दोन-तीन वर्षांत त्यांना तारीखसुद्धा कळते असं वाटतं. कोणीतरी तिथेच उभं राहायचं. कावळा शिवला की उरलेलं उचलून आत आणायचं आणि पान धुऊन टाकायचं. श्रद्धेत काही कमी होत नाही आणि रात्री तिथे काही राहत नाही. बाल्कनी नसेल तर गाडीच्या शेडवर, उंच स्टुलावर, काहीही, पण माणूस तिथे हवा.

चिमण्यांसाठी आईंना पाणी ठेवू दे. उन्हाळ्यात इथे पक्ष्यांना दाण्यापेक्षा पाणी जास्त हवं असतं. उंच पायाचं बर्डबाथ घ्या आणि रोज बदला. आणि फुलझाडं लावा त्यांच्यासोबत, हमिंगबर्ड येतात, त्यांना बघण्यात आईंचा वेळ छान जाईल.

आता हाकलायचं. आमच्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत आणि त्या करतात, त्यामुळे तुमच्या आईंना नक्की जमेल. पाठ फिरवायची नाही आणि पळायचं नाही हे पहिलं, पळालं की तो मागे येतो, कुत्र्यासारखंच. तोंड त्याच्याकडे, हात वर, पदर किंवा जॅकेट पसरून मोठं दिसायचं आणि खणखणीत आवाजात ओरडायचं. किंचाळायचं नाही, दरडावायचं. सासूबाई 'ए हाड! चल नीघ!' असं ओरडतात, भाषा कुठलीही चालते. मागच्या दाराजवळ त्यांनी स्टीलचं ताट आणि पळी ठेवलीये आणि नाण्यांनी भरलेला डबा. आम्ही वॉकला जाताना एअर हॉर्न नेतो, छोटा मिळतो, आणि छत्री, त्याच्याकडे तोंड करून फट्कन उघडली की तो दचकतो. बॅकयार्डात पाण्याचा होज सगळ्यात उत्तम. दगड अंगावर मारायची गरज नाही, त्याच्या जवळ जमिनीवर आपटले तरी पुरतं.

महत्त्वाचं म्हणजे अर्ध्यावर सोडायचं नाही. पहिल्या वेळी तो दहा पावलं जाऊन थांबतो आणि वळून बघतो, तिथेच लोक 'गेला बाबा' म्हणून आत येतात. मग तो काय शिकतो, की ही माणसं थोडा आवाज करतात आणि जातात. पूर्ण दिसेनासा होईपर्यंत पुढे पुढे जात आवाज करायचा, मात्र त्याला जायला वाट मोकळी ठेवायची, कोपऱ्यात अडकवायचा नाही. खिडकीतून किंवा गाडीतून ओरडून फार उपयोग होत नाही, त्याला कळलं पाहिजे की माणूस आपल्याला हाकलतोय. आणि रोज एकच आवाज नको, सवय होते, आज ताट, उद्या पाणी. घरातल्या सगळ्यांनी करायचं, शेजाऱ्यांनी पण. एकाने हाकलायचं आणि पलीकडच्या आजींनी कौतुकाने फोटो काढायचा असं झालं तर काहीच होणार नाही. त्या आजींना सांगा की त्याचा जीव वाचवायचा असेल तर हाच मार्ग आहे, माणसाला चावला तर त्याला कोणी जिवंत ठेवणार नाही. मी आमच्या गल्लीत असंच सांगितलं आणि ज्या बाई सगळ्यात विरोधात होत्या त्याच आता सगळ्यात मोठ्याने शिट्टी वाजवतात.

लेकीला पण शिकवा. एकटी असली तर पळायचं नाही, मोठ्याने ओरडत मागे मागे सरकत घरात यायचं. तुम्ही सोबत असाल तर तिला लगेच उचलून घ्या. अमेरिका-कॅनडा मिळून कायोटीने माणूस मारल्याच्या नोंद झालेल्या घटना दोनच आहेत, १९८१ मध्ये ग्लेंडेलला एक लहान मुलगी आणि २००९ मध्ये केप ब्रेटनच्या पार्कात एक तरुणी, त्यामुळे रात्रंदिवस घाबरून राहायचं कारण नाही, पण लहान मूल हे त्यांच्या दृष्टीने लहान असतं एवढं लक्षात ठेवायचं.

---

डॉ_मीनल_वेट

स्वानंदी यांनी फार छान लिहिलंय, फक्त एक भर. वसंतात, मार्च ते जुलै, गुहेत पिल्लं असताना हे करू नका. तेव्हा आईबाप तुमच्या कुत्र्याच्या मागे मागे चालत येतात, हल्ला करायला नाही तर तुम्हाला पिल्लांपासून लांब नेऊन सोडायला. तेव्हा शांतपणे, पाठ न फिरवता तिथून निघायचं आणि महिनाभर तो ट्रेल सोडून द्यायचा. आत्ता सप्टेंबर आहे, आत्ता हाकलायला हरकत नाही. जखमी असेल तर मात्र कधीच नाही.

---

रोहित_फ्रिस्को

ओके, पकडून लांब सोडता येत नाही आणि मारला तर परत दुसरा येतो हे पटलं. पण मुक्ता, प्रत्येक वेळी तारीख, वेळ आणि तो काय करत होता हे लिहून ठेवा आणि सिटीला कळवत रहा, फोटोसकट. आमच्याकडे सुरुवातीच्या कितीतरी लोकांनी कळवलंच नव्हतं, जो तो समजत होता फक्त आपल्याच घरी आला. उद्या खरंच एखादा माणसावर धावला तर तुमची नोंद कामाला येते.

---

मुक्ता_ईस्टबे

आज सकाळी आला होता. आई आणि मी दोघी बाहेर होतो, तिने ताट वाजवलं आणि मी होज सुरू केला. फेन्सजवळ जाऊन वळून बघितलं त्याने, तेव्हा स्वानंदीताईंचं वाक्य आठवलं आणि आम्ही पुढे गेलो, मग नाल्यात उतरून पळाला. आईच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी थोडा धीर दिसला. रोहितदादा, वही केलीये, लेकीलाच काम दिलंय लिहायचं.

एक शेवटचं विचारते. फेन्स सहा फुटी लाकडी आहे तरी वरून येतो. उंच करावी का?

---

नेपरव्हिलकर

सहा फूट उंची पुरेशी असते पण तो एका उडीत पार करत नाही, वरच्या कडेला पुढचे पाय अडकवून स्वतःला ओढून घेतो. त्यामुळे वरच्या कडेवर फिरणारे रोलर बसवतात, पाय ठेवला की पाइप फिरतो आणि पकड सुटते. साध्या तारेवर दोन पीव्हीसी पाइप, एकात एक, असं घरीही करता येतं. पण फेन्सच्या पूर्ण लांबीला लावायला लागतात, गेटवर सुद्धा, एक बाजू सोडली तर तो तीच शोधतो. फेन्सच्या बाहेरून टेकलेलं काही आहे का बघा, लाकडांचा ढीग, ट्रॅश बिन, झाडाची फांदी, तेच शिडीचं काम करतं. खालून खणतो की नाही तेही बघा, नाल्याच्या बाजूला माती मऊ असेल. तिथे जाळी फेन्सला खिळवून जमिनीत फूटभर पुरा आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवा. डेकच्या आणि क्रॉल स्पेसच्या (घराखालच्या पोकळ जागेच्या) फटी पण त्याच जाळीने बंद करा, येत्या वसंतात तिथे पिल्लं घालायला नको. हालचाल झाली की पाणी उडवणारे स्प्रिंकलर मिळतात, ते नाल्याच्या बाजूला एक लावा, काही काळ चांगले चालतात, मग जागा बदलायची. लांडग्याच्या मुताच्या बाटल्या विकतात त्यावर पैसे घालवू नका, दोन पावसांत वास जातो आणि तो परत येतो.

आणि रोलर लावायच्या आधी एचओएचा नियम बघून घ्या, काही ठिकाणी फेन्सची एकूण उंची मोजताना तेही धरतात.